'आराबेला' ही चेक मालिका पहिलीतल्या मुलीला दाखवावी का?

ब्रनोची_आई:
नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ब्रनोत राहतो. लेक पहिलीत आहे. शाळेमुळे चेक कळतं तिला, पण समोरचा भराभर बोलायला लागला की गडबडते. शेजारच्या आजी सारख्या म्हणतात, "पोरीला आराबेला दाखव, त्याशिवाय इथलं बालपण अर्धंच." म्हणून मी आधी एकटीने पहिला भाग बघायला घेतला. त्यात एक माणूस बोलणाऱ्या लांडग्याला चक्क गोळी घालतो! आमची बाई मुंगी चिरडली तरी रडते. कोणी मुलांबरोबर बघितली आहे का? आणि 'आराबेला परत येते' अशी १९९३ची मालिकाही दिसते आहे. आधी कुठली लावायची?

स्टुटगार्टकर:
आधी जुनीच, १३ भागांची. चेकोस्लोव्हाक टीव्हीने ती पश्चिम जर्मनीच्या डब्ल्यूडीआर या टीव्ही संस्थेबरोबर मिळून केली होती, त्यामुळे इकडे जर्मन डबिंगमध्ये 'डी मेर्शेनब्राउट' या नावाने मिळते. माझा मुलगा लांडग्याच्या प्रसंगाला गप्प झाला, पण उठून गेला नाही.

ओलोमोउत्सची_सून:
ताई, जरूर दाखवा, पण उद्याच नको. आधी तिला लाल टोपीवाली, झोपलेली राजकन्या, हिमगौरी आणि सात बुटके या गोष्टी नीट, शेवटपर्यंत सांगा. मराठीतूनच सांगा. माझं कळकळीचं म्हणणं एवढं एकच आहे, कारण सगळी मालिका त्यावर उभी आहे.

मायर नावाचा नट टीव्हीवर मुलांना गोष्टी सांगतो. त्याला एक घंटी सापडते. ती वाजवली की रुंबुराक हा जादूगार हजर होतो. मायरला शिकारीत नेम हवा असतो, रुंबुराक त्याला परीकथांच्या राज्यात नेतो, आणि तिथे तुम्ही बघितलात तो लांडगा मरतो. रुंबुराकला शिक्षा होते. मग तो सूड घेतो, आणि तो कसा, तर टीव्हीवर गोष्टीच बिघडवून सांगतो! मूळ गोष्ट ज्या मुलाला पाठ आहे त्यालाच हा केवढा मोठा अपराध आहे ते कळतं. आमच्याकडे धाकट्याने टीव्हीकडे बोट दाखवून "खोटं बोलतोय तो!" म्हणून आरडाओरडा केला होता. ज्याला गोष्टच माहीत नाही तो नुसता बघत बसणार.

मालिकेचे लेखक मिलोश मात्सोउरेक यांच्या लेखनाची मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या जादूला नियम असतात. रुंबुराक 'दुसऱ्या श्रेणीचा' जादूगार आहे, एखाद्या कचेरीत असावी तशी त्यांच्यात चढती श्रेणी आहे. अंगठी बोटात फिरवली की जादू होते. मुलं हे नियम लगेच टिपतात आणि पुढे काय होणार याचा हिशोब मांडायला लागतात. दिग्दर्शक वात्स्लाव व्होर्लिचेक म्हणजे नाताळात इथे घरोघरी लागणाऱ्या 'सिंड्रेलासाठी तीन हेझलनट' या चित्रपटाचे (१९७३) दिग्दर्शक. आणि नटांनी मुलांचं काम म्हणून कुठेही हात आखडता घेतलेला नाही. व्लादिमीर मेन्शिकचा मायर तर बघाच. यिर्झी लाबूसचा रुंबुराक दुष्ट असूनही मुलांना हवाहवासा वाटतो. पुढे १९८४मध्ये त्याच्यावर वेगळा चित्रपटही निघाला.

लांडग्याबद्दल: तो प्रसंग गाळू नका. पुढचं सगळं त्यातूनच घडतं. शेजारी बसा, आणि "हे चुकलंच त्याचं" असं मोकळेपणाने म्हणा. माझ्या मते त्यापेक्षा 'मोठ्यांच्या परीकथांचं राज्य' जास्त भीतीचं आहे, तिथे फँटोमास (फ्रेंच कादंबऱ्यांतला मुखवटाधारी गुन्हेगार) वगैरे मंडळी भेटतात. ते भाग रात्री झोपायच्या आधी नकोत.

१९९३ची मालिका मला फिकी वाटली. जुनी बघून लेकीने मागितलीच तर लावा.

पिल्सेन_पुणे:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त क्रम थोडा बदलेन. भाषेची अडचण असेल तर आधी 'पान ताउ' ही मालिका. ओटो शिमानेक हे मूकाभिनयाचे कलाकार, डोक्यावर गोल काळी हॅट, आणि हॅटला हात लावला की जादू. त्याला जवळजवळ बोलावंच लागत नाही, त्यामुळे मूल मागे पडत नाही. किंवा मात्सोउरेक यांचीच 'माख आणि शेबेस्तोवा' ही कार्टून मालिका. तिसरीतली दोन मुलं आणि त्यांच्या इच्छा पूर्ण करणारा टेलिफोनचा रिसीव्हर. भाग छोटे आहेत, एक लावून थांबता येतं.

ब्रनोची_आई:
सगळ्यांचे आभार. लाल टोपीवाली तिला येते, पण झोपलेली राजकन्या मी कधी सांगितलीच नव्हती! आजपासून सुरू करते. @ओलोमोउत्सची_सून, चेक सबटायटल्स लावू का? ती अक्षरं जुळवून वाचायला लागली आहे.

ओलोमोउत्सची_सून:
पहिल्यांदा नको. वाचायच्या नादात चेहरे बघायचे राहून जातील. अडलं तिथे थांबवून तुम्ही मराठीत सांगा. आणि शक्य असेल तर पहिला भाग त्या शेजारच्या आजींबरोबर बघा. माझ्या सासूबाई बघताना मध्येमध्ये रुंबुराकला दम देतात, मुलं निम्मी मालिका त्यांच्याकडूनच शिकली.