ॲबसिंथ पहिल्यांदाच घेणार आहे, कोणती आणि कशी?

उशिरा_उगवलेला:
मंडळी, या महिन्यात चाळिशी पूर्ण होतेय. त्या निमित्ताने ॲबसिंथ या कडक दारूची एक बाटली स्वतःलाच भेट द्यावी म्हणतो. आजवरची मजल व्हिस्की आणि अधूनमधून जिन, बस. शोधाशोध केली तर निम्मे लोक भास होतात म्हणतात आणि उरलेले चमच्यात साखर पेटवून फोटो काढताना दिसतात. बाटलीवर ६८ टक्के वगैरे आकडे पाहून जरा टरकलोही आहे. कोणती घेऊ? पाणी किती घालायचं? आणि ते डोकं फिरण्याचं प्रकरण खरं आहे का? बायको म्हणाली, "आधी विचार, मग उघड." म्हणून हा धागा.

खडीसाखर:
आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. बडीशेप आवडते का? ॲबसिंथमध्ये तीन वनस्पती मुख्य: वर्मवूड (आपल्या दवण्याच्या कुळातलीच वनस्पती), ॲनिस (बडीशेपेसारख्या चवीचं बी) आणि बडीशेप. तोंडात पहिल्यांदा जाणवते ती ॲनिस-बडीशेपच, वर्मवूडचा कडवटपणा मागून येतो. उझो, पास्टिस, साम्बुका या तशाच चवीच्या दारूंतलं काही आवडलं असेल तर खुशाल घ्या. नसेल तर बाटलीच्या भानगडीत न पडता बारमध्ये एक पेग मागवा. आमच्याकडे मी हौसेने बाटली आणली. नवऱ्याने एक घोट घेतला, "खोकल्याचं औषध" म्हणाला आणि ग्लास परत माझ्याकडे सरकवला. पाऊण बाटली अजून कपाटात आहे.

उशिरा_उगवलेला:
आवडते हो. जेवणानंतर मूठभर खाणाऱ्यांपैकी आहे मी.

जुनं_खोड:
मग पुढे बोलू.

भास वगैरे काही होत नाहीत. वर्मवूडमध्ये थुजोन नावाचा घटक असतो. तो फार मोठ्या मात्रेत गेला तर झटके येऊ शकतात, हे खरं. पण एकोणिसाव्या शतकात प्राण्यांवर जे प्रयोग झाले ते वर्मवूडच्या शुद्ध तेलाचे होते, ग्लासातल्या पेयाचे नव्हेत. ॲबसिंथवर पुढे बंदी आली, त्याआधीच्या न उघडलेल्या बाटल्या तपासल्या, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. त्यांतलं सरासरी थुजोन आज युरोपात चालणाऱ्या मर्यादेतच होतं, म्हणजे किलोला ३५ मिलिग्रॅमच्या आत. तेवढ्या थुजोनने काही व्हायच्या आधी अल्कोहोलच तुम्हाला आडवं करेल.

बदनामी झाली त्याची कारणं निराळी. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे फस्त केले. वाइन महागली, लोक ॲबसिंथकडे वळले. मळे सावरल्यावर वाइनवाल्यांना आपलं गिऱ्हाईक परत हवं होतं. त्यात १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ज्याँ लांफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायको आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी त्याने दोन ॲबसिंथ घेतल्या होत्या. वाइन कितीतरी जास्त ढोसली होती, शिवाय ब्रँडीही. खापर मात्र ॲबसिंथवर फुटलं. स्वित्झर्लंडमध्ये १९१० पासून आणि फ्रान्समध्ये १९१५ मध्ये बंदी आली. स्विस बंदी उठायला २००५ उजाडलं.

आता खरेदी. पहिल्यांदा 'ब्लांश' घ्या, म्हणजे रंगहीन. स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यात बंदीच्या काळात चोरून गाळायचे ती हीच, तिला 'ला ब्लू' म्हणतात. हिरवीपेक्षा सौम्य. ब्रँड म्हणाल तर क्यूब्लर किंवा ला क्लांदेस्तीन, दोन्ही ५३ टक्के. हिरवी घ्यायचीच असेल तर घटक वाचा. खरा हिरवा रंग पानांतल्या क्लोरोफिलचा असतो आणि उजेडात तो पिवळट-तपकिरी होत जातो. पारदर्शक बाटलीत माउथवॉशसारखी चमकणारी हिरवी दिसली की पुढच्या कपाटाकडे वळा.

खडीसाखर:
+१. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. ॲनिसमधला ॲनेथोल थंडीने गोठतो आणि तळाशी खडे दिसायला लागतात.

काडी_लावणारा:
साखर पेटवायची मजा मात्र चुकवू नका!

जुनं_खोड:
नाव सार्थ केलंत. अहो, ते पेटवणं १९९० च्या दशकातलं चेक बारमधलं खूळ आहे, जुन्या फ्रेंच पद्धतीशी त्याचा संबंध नाही. जळक्या साखरेने चव बिघडते आणि ६० टक्क्यांच्या पुढची दारू भपकन पेट घेते. भुवया शाबूत हव्यात ना?

पद्धत साधी आहे. ग्लासात ३० मिली ॲबसिंथ. वर जाळीचा चमचा, त्यावर साखरेचा खडा, आणि त्यावर बर्फासारखं गार पाणी थेंबथेंब. ॲनेथोल अल्कोहोलमध्ये विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे पाणी वाढलं की त्याचे बारीक थेंब बाहेर पडतात आणि पेय दुधाळ होतं. पाण्यात डेटॉल टाकल्यावर होतं तसंच. याला 'लूश' म्हणतात. एकूण पाणी तीन ते पाच पट. ५३ टक्केवाल्या दारूत तिप्पट पाणी घातलंत की ग्लासात साधारण १३ टक्के उरतात, म्हणजे वाइनइतकीच. पाण्याशिवाय प्यायची वस्तू नाही ही.

खडीसाखर:
साखरेबद्दल मात्र असहमत. ब्लांशला साखर लागत नाही, आधी बिनसाखरेची चाखा. साखर नंतर घालता येते, काढता येत नाही.

जुनं_खोड:
मान्य. मी गोडघाशा आहे.

उशिरा_उगवलेला:
काल उघडली! ब्लांशच घेतली. पहिला ग्लास घाईने वाया घालवला, पाणी धबाधबा ओतलं. क्षणात सगळं पांढरं झालं, वास दबला, चव सपाट. दुसऱ्या वेळी जाळीचा चमचा नसल्यामुळे ग्लासवर काटा आडवा ठेवला, त्यावर खडा, आणि बाळाला औषध पाजायच्या ड्रॉपरने पाणी. (साखरेसाठी खडीसाखर यांची माफी.) आधी तळाशी धुक्याचे पट्टे फिरले, मग हळूहळू ढग वर चढले. त्याच वेळी गवतासारखा, पुदिन्याच्या जवळ जाणारा वास पसरला. पाच मिनिटं आम्ही दोघं नुसतं बघत बसलो होतो.

भास काही झाले नाहीत. जीभ किंचित बधीर झाली.

काडी_लावणारा:
आवडली की नाही ते सांगा राव.

उशिरा_उगवलेला:
मला ठीक वाटली. तिसरा ग्लास बायकोने स्वतः बनवला, बिनसाखरेचा. ड्रॉपर आता तिच्या ताब्यात आहे.