मदत हवी आहे: मामिया सिक्स या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची प्रेशर प्लेट (फिल्म सपाट दाबून धरणारी) गायब आहे, घरी बनवता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी ओसाकात राहते. क्योटोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो, तिथे मला मामिया सिक्स मिळाला. मामिया कंपनी १९४० साली निघाली आणि हा घडीचा कॅमेरा त्यांचा पहिलाच. माझ्या कॅमेऱ्यावर के.ओ.एल. स्पेशल ही ७.५ सेंमी, एफ ३.५ लेन्स आहे, म्हणजे युद्धकाळातला असावा. अंधारात आत टॉर्च लावून पाहिला, भात्याला (लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या घडीच्या आवरणाला) एकही भोक नाही. इतकं जपलेलं यंत्र पाहून जीव हरखला.

पण पहिल्या रोलच्या १२ फोटोंपैकी ९ अस्पष्ट, आणि प्रत्येकात वेगळ्या जागी. एकात डावा कोपरा, दुसऱ्यात मधोमध. आधी रेंजफाइंडरवर (अंतर पाहून फोकस जुळवणाऱ्या भागावर) संशय घेतला. मागचं दार उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, शटर 'बी'वर (बटण दाबून असेपर्यंत उघडं राहतं त्या खुणेवर) उघडं धरलं आणि दोन मीटरवरचं कॅलेंडर पाहिलं. रेंजफाइंडर अगदी बरोबर!

मग उलगडलं. बहुतेक कॅमेऱ्यांत फोकससाठी लेन्स पुढेमागे होते. यात मागचं चाक अंगठ्याने फिरवलं की फिल्मच सरकते. म्हणून फिल्म सपाट ठेवणारी प्लेट दाराला बसवलेली नसते, ती सुटी निघते. माझी कुणीतरी कधीतरी हरवली आहे आणि फिल्म आत फुगते आहे.

ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करून चालेल का? जाडी कशी ठरवायची? इथल्या दुकानांतले 'जंक'चे (मोडक्या सामानाचे) खोके दोन शनिवार उपसले, नुसती प्लेट कुठे नाही.

प्रतिसाद
ताई, चालेल. १२० फिल्मला (यात लागणाऱ्या रुंद रोलला) मागे कागद असतो हे विसरू नका. फिल्म आणि कागद मिळून सहज सरकतील एवढी फट हवी, घट्ट झाली तर चरे पडतील. प्लेट बसते ती खाच व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) चारही कोपऱ्यांत मोजा. कडा गोल घासा, पुढची बाजू गुळगुळीत आणि काळी करा. रोल वाया घालवायची तयारी असू द्या. मोडका मामिया सिक्स दिसला तर मात्र आधी मागचं दार उघडून आत प्लेट आहे का बघा.

धागाकर्ती
कागदाचं खरंच लक्षात आलं नव्हतं, मनापासून आभार. मुदत संपलेला एक रोल आहे, तो चाचणीला वापरते. शनिवारी मापं इथेच टाकते.