फोनवर मराठीत बोलून नोंदी लिहायच्यात, फुकटात काय वापरता?

द्राक्षवाला_मखमलाबाद:
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ मखमलाबादला आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, माल एक्स्पोर्टला देतो म्हणून प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावीच लागते, तारीख, औषध, प्रमाण, किती पाणी सगळं. आता डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, चालू आहे, हात दिवसभर जीएच्या (वाढीच्या संजीवकाच्या) पाण्यात, वही काढणार कधी अन् लिहिणार कधी, आणि रात्री आठवून लिहायला बसलं की वडील एक सांगतात मी एक. म्हणून बोललं की मराठीत टाईप होईल असं काहीतरी पाहिजे. एक अॅप घेतलं होतं, चार दिवस नीट चाललं मग पैसे मागायला लागलं. फोन साधा अँड्रॉइड, बागेत रेंज कधी असते कधी नसते.

सिडको_नाशिक:
भाऊ वेगळं अॅप शोधूच नका, तुमच्या फोनमध्ये बहुतेक जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेलच. सेटिंगमधे भाषांत मराठी कीबोर्ड अॅड करा, स्पेसबार दाबून धरून मराठी निवडा, मग वरचा माईक दाबून बोला. गूगलने मराठी बोलून टाईप करायची सोय 2017 ला दिली, तेव्हापासून मी दुकानाची उधारी अशीच लिहिते. स्वल्पविराम-पूर्णविराम मात्र मी हातानेच देते. आणि गूगल कीप हे नोंदींचं अॅप घ्या, त्यात माईकची नोट केली तर लिहिलेलं पण राहतं आणि तुमचा आवाज पण राहतो, हे फार कामाचं आहे. फक्त बोलताना विचार करत थांबलात की ते लगेच बंद होतं, त्यामुळे आधी मनात वाक्य जुळवून मग बोलायचं.

गंगापूररोड_७७:
थांबून थांबून बोलायचं असेल तर लाईव्ह ट्रान्सक्राईब बघा, बोललेलं लगेच लिहून दाखवणारं अॅप. 2019 मधे गूगलने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काढलंय, पूर्ण फुकट, मराठी आहे. माझ्या वडिलांना ऐकू कमी येतं, डॉक्टरांकडे गेलो की फोन टेबलावर ठेवतो आणि डॉक्टर काय बोलतात ते वडील स्वतः वाचतात, मधे मला परत ओरडून सांगावं लागत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा येतो तो मी बघितलाय. सेटिंगमधे सेव्ह चालू करावं लागतं आणि मजकूर तीनच दिवस राहतो, तेवढ्यात कॉपी करून घ्यायचा. ऑटर नावाचं बोललेलं लिहून देणारं अॅप कोणी सुचवलं तर जाऊ नका, फुकटात महिन्याला 300 मिनिटं देतं पण मराठी नाही.

द्राक्षवाला_मखमलाबाद:
दोघांचे मनापासून आभार. काल कीप वापरून पाहिलं, वारा होता, मी म्हणालो जीए वीस पीपीएम (लिटरला वीस मिलिग्रॅम) आणि नोटमधे आलं तीस. 200 लिटरच्या टाकीला वीस पीपीएम म्हणजे चार ग्रॅम अन् तीस म्हणजे सहा ग्रॅम, एवढा फरक आहे हो. आवाज सोबत सेव्ह होता म्हणून रात्री ऐकून दुरुस्त केलं, नुसतं लिहिलेलं असतं तर तीसच धरलं असतं. भुरी, डावणी ही द्राक्षावरच्या रोगांची नावं पण नीट येत नाहीत.

ओझरचा_इंजिनिअर:
दादा आकडे दोनदा बोला, 'वीस, दोन शून्य' असं, मग एक चुकला तरी दुसऱ्यावरून कळतं. औषधांच्या नावांसाठी जीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत शॉर्टकट टाकून ठेवा, घरी आल्यावर दोन अक्षरं टाकली की पूर्ण नाव येईल. रेंजचा प्रश्न राहतोच, तर रेंज नसेल तिथे फोनचा साधा रेकॉर्डर चालू करून बोला, घरी वायफायवर आलात की ऐकून लिहा. व्हिस्पर नावाचं आवाजावरून लिहून देणारं फुकट, ओपन सोर्स मॉडेल आहे, 2022 चं, ते कॉम्प्युटरवर नेटशिवाय चालतं आणि मराठीची ऑडिओ फाईल देता येते, पण मराठीत इंग्रजीइतकं अचूक नाही, आणि आत्ता हंगामात तुम्हाला ते बसवत बसायला वेळ पण नाही.

सिडको_नाशिक:
आणि फवारणीचा ब्लोअर बंद झाल्यावर बोला भाऊ, फोन तोंडाजवळ धरून. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत फोन घातला तरी आवाज जातो, माईकच्या भोकावर मात्र पिशवीची घडी येऊ देऊ नका.

द्राक्षवाला_मखमलाबाद:
हे पिशवीचं लक्षातच आलं नव्हतं. उद्या सकाळी दुसऱ्या प्लॉटचं डिपिंग आहे, तशीच नोंद करतो आणि संध्याकाळी वडिलांना ऐकवतो.