नवा कॉम्प्युटर पहिल्याच पायरीवर अडकलाय, मदत हवी आहे

नमस्कार भाऊ-ताईंनो. अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहतो. कापसाच्या पैशातून बारावीतल्या मुलीसाठी डेस्कटॉप घेतला. विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. पहिल्यांदा सुरू करताना विंडोजने विचारलेला देश आणि कीबोर्ड निवडून झालं, आता इंटरनेट जोडल्याशिवाय पुढे सरकत नाही. घरी वायफाय नाही. मोबाइल यूएसबी केबलने लावून टेदरिंग केलं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला दिलं, तर जमेल ना? रोज २ जीबीच डेटा मिळतो, सुरुवातीच्या अपडेटना तो पुरेल का?

खरी धास्ती लाईटची आहे. आमच्याकडे कधी जाईल सांगता येत नाही, आणि अपडेट चालू असताना गेली तर विंडोज बिघडू शकतं. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस (लाईट जाताच पीसी बॅटरीवर चालू ठेवणारं यंत्र) पुरेल, की मोठा घेऊ? दुकानदार म्हणतो, इन्व्हर्टर आहे तर यूपीएस कशाला. मला ते पटत नाही, कारण लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात पीसी बंद पडू शकतो.

घर पत्र्याचं आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. कॅबिनेट कुठे ठेवावं?

मुलीला मराठी टायपिंगही शिकायचंय. इनस्क्रिप्टने (मराठी अक्षरांचा ठरलेला कीबोर्ड) सुरुवात करावी की फोनेटिकने (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करणं)? वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा. मशीन तसंच पडून आहे, पोरगी रोज विचारते.