पैसे भरून येणाऱ्यांची नोंदणी कशी करता? अनुभव सांगा

माती_हाती:
काल माळा आवरताना २०१९ ची वही सापडली. शाडूच्या गणपतीची कार्यशाळा, जागा ३०, फी ६०० रुपये. गूगल फॉर्म, खाली क्यूआर आणि "पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवा". पैसे आले ३६ जणांचे. रात्री दीडपर्यंत बँकेच्या स्टेटमेंटमधले यूपीआय व्यवहारांचे बारा आकडी नंबर स्क्रीनशॉटशी जुळवून पेन्सिलीने टिक करत बसले होते. एका ताईंनी नवऱ्याच्या खात्यातून भरले, नाव जुळेचना. सकाळी त्या लेकीला घेऊन दारात आणि यादीत नाव नाही. पोरीचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. यंदा नीट सॉफ्टवेअर घ्यायचंय. तुम्ही काय वापरता?

पुरणाची_पोळी:
स्क्रीनशॉट नकोच गं! फॉर्ममध्ये फाइल मागितली की गूगल लॉगिन करायला लावतं. माझ्या निम्म्या काकू तिथेच अडकतात, मग व्हॉट्सॲपवर "बघ ना गं". शिट्टी झाली, येते.

हिशेबी:
पेमेंट गेटवेचं, म्हणजे आपल्या वतीने ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं, पान घ्या. मला साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो, म्हणजे ६०० मागे १४ रुपये १६ पैसे. पैसे आले तरच नाव लागतं, जागा संपल्या की पान बंद. एवढंच बघा, पैसे परत केले तरी ते कमिशन आपल्याला परत मिळत नाही. रद्द करायचा नियम आधीच लिहा.

तबलजी:
आणि पैसे खात्यात कधी पडणार तेही विचारा. एका तिकीटवाल्या साइटने कार्यक्रम झाल्यावर आठवड्याने दिले. हॉलचं भाडं, साथीदारांचं मानधन, सगळं खिशातून. फार ओढाताण झाली.

डोंगरभटक्या:
टाउनस्क्रिप्ट ही तिकिटांची साइट पुण्याचीच ना? २०१७ मध्ये ती बुकमायशोने घेतली. ट्रेकची तिकिटं त्यावरच काढायचो. हरिश्चंद्रगडला एवढ्यात कोणी गेलंय का?

हिशेबी:
गेलो होतो. आई-बाबा सोबत असतील तर पाचनई गावाकडून चढा, ती वाट सोपी.

पुरणाची_पोळी:
आले. माती, त्या पोरीचं काय झालं पुढे?

माती_हाती:
दुसऱ्या दिवशी दोघींना घरी बोलावलं. ओट्यावर पाट मांडून तिने मूर्ती केली. सोंड दोनदा गळाली, तिसऱ्यांदा बसली. त्यांनी तोच गणपती बसवला. @हिशेबी, पानाचं आजच बघते.

पुरणाची_पोळी:
शाडू कुठून आणतेस? मला दहा किलो हवाय.