डॉसमधली ६३ अक्षरांची मर्यादा: सब्स्ट हा उपाय की नुसतं पांघरूण?

जुना_कळफलक:
एमएस-डॉस ६.२२ ही कमांड टाइप करून चालवायची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम मी आजही रोज वापरतो, म्हणून विषय जिव्हाळ्याचा. माझं मत असं: पाथ, म्हणजे डिरेक्टरीचा (फोल्डरचा) पूर्ण पत्ता, लांबला की सब्स्ट ही डिरेक्टरीला ड्राइव्हचं अक्षर देणारी कमांड वापरावी, डिरेक्टऱ्यांची नावं कापत बसू नये.

डॉसमध्ये रूटपासून, म्हणजे ड्राइव्हच्या सगळ्यात वरच्या डिरेक्टरीपासून, हव्या त्या डिरेक्टरीपर्यंतचा पाथ बॅकस्लॅश धरून ६३ अक्षरांत बसवावा लागतो. आठ अक्षरी नाव आणि एक बॅकस्लॅश म्हणजे पायरीमागे ९. सात पायऱ्यांतच जागा संपते. दुसरा अडसर कमांड लाइनचा. ती १२७ अक्षरांची, आणि ऑटोएक्झेक या मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलमधली पाथची ओळ, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांची यादी, तीही त्याच मापाची. पंचवीस-पंचवीस अक्षरांच्या पाच डिरेक्टऱ्या लिहायला गेलात तर ओळ पुरत नाही.

सब्स्ट डॉस ३.१ पासून हाताशी आहे. खोलवरची डिरेक्टरी पी: या अक्षराला जोडली की पाथच्या ओळीत तिला फक्त तीन अक्षरं लागतात. आठ अक्षरांत नाव बसवताना आधीच स्वर गाळावे लागतात, त्यातून तीन अक्षरी नावं केली तर सहा महिन्यांनी कुठे काय ठेवलंय ते ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. मर्यादा मशीनची आहे, तर सोय मशीनने करावी.

बाइट_मोजणी:
पूर्ण असहमत. तुम्ही दोन वेगळ्या मर्यादा एकाच दोरीत बांधल्या आहेत. १२७ च्या बाबतीत सब्स्ट कामाला येतं, हे मान्य. ६३ च्या बाबतीत त्याने काहीच साधत नाही.

प्रत्येक ड्राइव्हमागे डॉस मेमरीत एक नोंद ठेवतं. त्यात चालू डिरेक्टरीसाठी ६७ बाइट असतात: ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, पुढची ६३ अक्षरं आणि शेवटचा शून्य. सब्स्ट केल्यावर पी:च्या नोंदीत छोटा पाथ जात नाही, सी:पासूनचा खरा पाथच जातो. शेजारी एक आकडा बदलतो: या पाथची सुरुवातीची किती अक्षरं वापरणाऱ्याला दाखवायची नाहीत. पाथ आखूड झाला असं दिसतं, पण ६७ बाइट तेवढेच भरलेले असतात.

खात्री करायची तर ट्रूनेम ही कमांड चालवा. हेल्पमध्ये तिचा उल्लेख नाही, पण ६.२२ मध्ये ती आहे. पी: दिलंत की खरा पाथ समोर येईल.

जुना_कळफलक:
हे मला नवीन आहे. पी: म्हणजे नवं रूट, तिथून पुन्हा ६३ मोजायचे, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आज रात्री करून बघतो.

खोल_विहीर:
तुमचं बघून होईपर्यंत माझा अनुभव सांगते. एका हार्ड डिस्कवर विंडोज ९५ मध्ये तयार झालेल्या डिरेक्टऱ्या होत्या. तिथे २६० पर्यंतचा पाथ चालतो, त्यामुळे बनवणाऱ्याने मोकळ्या हाताने पायऱ्या वाढवल्या होत्या. तीच डिस्क नुसत्या डॉसवर सुरू केली तर खालच्या डिरेक्टऱ्यांत शिरताच येईना. डिस्कवर सगळं जागच्या जागी होतं, कारण फॅट या डिस्कवरच्या फाइल-रचनेत डिरेक्टरी फक्त पुढच्या क्लस्टरचा (डिस्कवरच्या जागेच्या तुकड्याचा) पत्ता सांगते. पाथ किती लांब झाला याच्याशी तिला देणंघेणं नाही. अडत होतं ते डॉस.

सब्स्ट मीही करून पाहिलं, ते वरच्या पायऱ्यांपुरतंच चाललं. शेवटी उपयोगी पडलं मूव्ह. डॉस ६ मधलं मूव्ह डिरेक्टरीचं नाव जागच्या जागी बदलतं. वरच्या चार डिरेक्टऱ्यांची नावं एकेका अक्षराची केली, २८ अक्षरं वाचली आणि खालचं सगळं उघडलं. मोबदल्यात विंडोजमधली त्या चौघींची लांब नावं गेली, ती आधी कागदावर उतरवून ठेवली होती. असं काही करणार असाल तर आधी कागद घ्या, ही कळकळीची विनंती.

पायरी_चौथी:
ताई, तुमचं उदाहरण दुरुस्तीचं झालं. रोजच्या वापरात पाथच्या ओळीसाठी सब्स्टच बरं. लास्टड्राइव्ह या सेटिंगला झेड दिलं की ड्राइव्हसाठी अक्षरं मिळतात. अक्षरामागे ८८ बाइट, म्हणजे सगळी २६ घेतली तरी २२८८.

बाइट_मोजणी:
बाइटचा प्रश्नच नाही. प्रोग्राम स्वतःच्या सेटिंगमध्ये पी: लिहून ठेवतात. उद्या सब्स्टची ओळ गाळली गेली किंवा अक्षर बदललं की ते सगळे एकदम आंधळे होतात. शिवाय चेकडिस्क आणि लेबल या डिस्कच्या कमांड अशा ड्राइव्हवर चालत नाहीत.

मी सी:वर बॅट नावाची एकच डिरेक्टरी पाथच्या ओळीत ठेवतो. त्यात प्रत्येक प्रोग्रामची दोन ओळींची बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल), पूर्ण पाथसकट. पाथची ओळ कायम आखूड राहते.

पायरी_चौथी:
तुमच्या पद्धतीत मी स्वतः पोळलो आहे. एका बॅच फाइलमधून दुसरी नुसत्या नावाने बोलावली तर डॉस पहिलीकडे परत येत नाही. कॉल लिहावं लागतं, आणि तेही डॉस ३.३ पासूनच आहे. माझी बिल्ड फाइल, म्हणजे प्रोग्राम तयार करणारी बॅच फाइल, कंपायलरला नावाने बोलवायची. त्या नावाची बॅच फाइल मध्ये आली आणि पहिल्याच फाइलनंतर सगळं थांबलं, एरर काही नाही. तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा लिंकर चाललाच नाही हे कळायला एक संध्याकाळ गेली. %१ ते %९ अशी नऊच पॅरामीटर मिळतात, तो जाच वेगळाच. सब्स्टमध्ये खरी एक्झे (प्रोग्रामची) फाइल चालते, म्हणून मी त्याच्याच बाजूने.

नवी_शाखा:
एक प्रश्न. फ्रीडॉस या डॉससारख्या सिस्टीमचा सोर्स कोड खुला आहे. तिथे ६७ चे २५६ करून हा वाद मिटवता येणार नाही का?

बाइट_मोजणी:
फ्रीडॉसमध्येही ६७ च ठेवले आहेत, आणि माझ्या मते बरोबर केलं आहे. चालू डिरेक्टरी विचारणारा प्रोग्राम डॉसला ६४ बाइटची जागा देतो. डॉसने तिथे २०० अक्षरं लिहिली तर पुढच्या मेमरीत जे असेल ते पुसलं जाईल. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून तर आपण ही सिस्टीम वापरतो.

जुना_कळफलक:
करून पाहिलं. पी:च्या मागे खरा पाथ ५४ अक्षरांचा होता. त्याखाली आठ अक्षरी डिरेक्टरी बनली. तिच्या आत आणखी एक बनवायला गेलो तर डिरेक्टरी तयार करता येत नाही असा संदेश आला. ५४ आणि ९ मिळून बरोबर ६३. ट्रूनेमनेही सी:पासूनचा पाथच दाखवला. बाइट_मोजणी, ६३ बद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.

पाथच्या ओळीसाठी मात्र सब्स्ट सोडणार नाही. पायरी_चौथींनी सांगितलेली कॉलची अडचण माझ्याकडे रोजचीच होईल, बिल्ड फाइलच वीसेक आहेत. वरच्या दोन डिरेक्टऱ्यांची नावं तेवढी तीन अक्षरी करतो, पायरीमागे पाच अक्षरं सुटतील, म्हणजे १०. ती डिरेक्टरी त्यात बसेल. खालची नावं जशी आहेत तशीच राहतील.

बाइट_मोजणी:
नावं बदलण्याआधी सब्स्ट पी: /डी करून जोडणी काढा. ऑटोएक्झेकमधली ओळही नव्या पाथप्रमाणे बदला, नाहीतर पुढच्या वेळी मशीन सुरू करताना पी: मिळणारच नाही.