डोंबिवलीतला जुना वन बीएचके: मोझाइक उखडू, की वरून लादी लावू?

वैतागवाडी

मंडळी, डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून हा धागा.

आईबाबांचं घर डोंबिवली पूर्वेला. इमारत १९८७ ची, तिसरा मजला. लिफ्ट मागाहून बाहेरच्या बाजूने बसवलीय, तिच्यात डेब्री (तोडफोडीचा राडारोडा) न्यायला सोसायटीची सक्त मनाई. कारपेट ४०० फुटांच्या आसपास. हॉल १० बाय १५, बेडरूम १० बाय ११, स्वयंपाकघर ८ बाय ९, आणि मधल्या ३ फुटी पॅसेजमध्ये संडास वेगळा, न्हाणी वेगळी. हॉलची बाल्कनी केव्हाच ग्रिल लावून आत घेतलीय. तिथे वॉशिंग मशीन आहे, माझी शाळेतली सायकल आहे आणि बाबांचा रद्दीचा गठ्ठा आहे. सायकलला हात लावायची कोणाची टाप नाही.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. संडास अजून भारतीय, त्यावर कमोडची खुर्ची ठेवून चालवतोय. दार जेमतेम दोन फुटी. वॉकर सरळ जातच नाही, आडवा करून आधी आत ढकलायचा, मग आईने चौकट धरून दीड इंचाच्या उंबरठ्यावरून पाय उचलायचा. मी मागे उभी असते आणि माझ्या पोटात गोळा येतो. सगळ्या दुरुस्तीचं मूळ हेच आहे. पण एकदा घराला हात लावायचा म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला काही ना काही सुचायला लागलं.

पहिला कंत्राटदार म्हणाला, सगळं मोझाइक उखडून टाकू. दुसरा म्हणाला, उखडायचं कशाला, वरूनच केमिकलने टाइल चिकटवतो, चार दिवसांत मोकळे. बाबा म्हणाले, "त्या लादीला काय धाड भरलीय?" आईला कल्याणच्या मावशीकडे आहे तशी पांढरीशुभ्र, आरशासारखी २ बाय ४ ची टाइल हवीय. नवऱ्याने मोबाइलवर बघून हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडायचं काढलंय, म्हणे घर मोठं दिसेल.

शिवाय आईजवळ रात्री राहायला एक मावशी येतात. त्यांना झोपायला जागा हवी, आणि पॅसेजमध्ये नको, कारण बाबा रात्री उठतात. संडास-न्हाणी एक करून मोठी केली तर वॉकर नीट फिरेल असं मला वाटतं. सांगा काय ते. "इंटिरियरवाला गाठा" एवढंच सांगणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

बांगडाप्रेमी

भिंतीबद्दल बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील. आमच्याकडे ओपन किचन आहे. बांगडा तळला की दुसऱ्या दिवशी सोफ्यावर बसणाऱ्यालाही आदल्या दिवशीचा मेनू कळतो. तुम्ही शाकाहारी असाल तरी हिंगाची फोडणी आणि मिक्सरचा आवाज चुकत नाही. त्यातून वॉकरवाल्या माणसाला भिंतीचा आधार लागतो, हे लिहून ठेवा. मोकळ्या जागेत हात टेकायला काही नसतं.

भिंतीला कंबरेच्या वर एक सरकती खिडकी करून घ्या. आई हॉलमध्ये बसून स्वयंपाकघरात काय चाललंय ते बघू शकेल आणि सूचनाही देऊ शकेल. (स्वयंपाक करणाऱ्याचा शाप लागला तर माझं नाव सांगू नका.)

ओळंबा

वैतागवाडीताई, मी साइटवर काम करणारा माणूस आहे, लादीच्या दुकानाशी माझं देणंघेणं नाही. लादी कोणती हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी लेव्हल ठरवा. जमीन किती वर येणार आणि कुठे येणार, यावर तुमची दारं, उंबरठे, न्हाणीचं पाणी आणि आईंचं पाऊल हे सगळं अवलंबून आहे.

उखडण्याचा हिशेब मांडू. त्या काळचं मोझाइक बहुधा १० इंची, जाडी २२ मिलिमीटर, आणि खाली दीड-दोन इंच मसाला. दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो माल निघतो. तुमचे हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर मिळून ३० चौरस मीटर. म्हणजे साडेचार टन. पोत्यात २५-३० किलो भरलं तर दीडशेच्या वर पोती, आणि ती जिन्याने उतरवायची. हे पहिल्या कंत्राटदाराने सांगितलं का? उखडताना हातोड्याचे दणके सरळ स्लॅबला बसतात, ते वेगळंच.

वरून टाइल लावायची तर ९ मिलिमीटरची टाइल आणि ५ मिलिमीटर अॅडहेसिव्ह, मिळून जमीन १४ मिलिमीटर वर येते. वजन चौरस मीटरला ३० किलोच्या आत. भारतीय मानकात राहत्या घराच्या स्लॅबला माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात, म्हणजे तीस किलो अगदीच नगण्य नाहीत, पण स्लॅब ठणठणीत असेल तर चालतात. आधी कोणी असाच एक थर दिलेला असेल तर मात्र दुसरा द्यायचा नाही. चिकटवण्यापूर्वी जुनी लादी नाण्याने ठोकून बघतात, पोकळ वाजली ती काढतात, आणि पॉलिश गेलेला खडबडीत पृष्ठभाग मिळेपर्यंत घासतात. हे सगळं करून "चार दिवसांत मोकळे" कसं होणार ते मलाही बघायचंय. सगळी दारं खालून कापावी लागतील, मुख्य दार धरून. लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर ते आधी बघा.

आणि वरून लावायची तर सगळीकडे लावा. हॉलमध्ये नवी, बेडरूममध्ये जुनी असं केलंत तर मधे अर्ध्या इंचाची पायरी होते. तुम्हाआम्हाला ती दिसत नाही, गुडघ्याच्या माणसाला तीच अडकते.

आता कल्याणच्या मावशींसारख्या २ बाय ४ बद्दल. ही टाइल लांबीत किंचित बाकदार असते, म्हणून विटांसारखी अर्ध्यावर सांधे ठेवून लावली की कडा वरखाली लागतात. लावलीच तर सरळ रेषेत. पण तुमच्या मापात त्याहून मोठी गंमत आहे. बाजारात "दोन फुटी" म्हणतात ती टाइल ६०० मिलिमीटरची असते, दोन फुटांना नऊ-दहा मिलिमीटर कमी. तुमचा हॉल १० फूट, म्हणजे ३०४८. भिंतीपासून पाच टाइल सलग लावल्या की शेवटी दीड-दोन इंचाची चिंधी उरते, आणि ती नेमकी दारातून दिसणाऱ्या बाजूला येते. चांगला कारागीर मधून सुरुवात करतो, चार अख्ख्या आणि दोन्ही बाजूंना सव्वा फुटाच्या आतले, पण सारखे तुकडे. लादी बसण्याआधी कोरडी मांडून दाखव म्हणा. जो कटकट करेल त्याला काम देऊ नका.

चकचकीत पांढरी मात्र नको. ओल्या पायाने न्हाणीतून येणाऱ्या आईंसाठी मॅट घ्या.

भिंत: साडेचार इंचाची असेल तर बहुधा नुसती आडभिंत (भार न पेलणारी), नऊ इंची असेल तर नाव काढू नका. आडभिंत असली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून लेखी दिल्याशिवाय हातोडा नाही. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली, तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं. तिसऱ्या मजल्यावरही हा खेळ करायचा नसतो. सोसायटीची लेखी परवानगी तर लागतेच.

शेवटचा प्रश्न मी विचारतो. इमारत तीस वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक. रिपोर्ट बघितलात का? आणि पुनर्विकासाची कुजबुज आहे का? असेल तर बेडरूमच्या जमिनीत पैसा गाडू नका, तो संडास-न्हाणीत घाला.

दुसरा मजला

तुमच्या खालच्या घरातल्यांच्या वतीने लिहितेय (म्हणजे तुमच्या नव्हे, पण मी आयुष्यभर खालच्याच मजल्यावर राहिलेय).

न्हाणी आणि संडास वरवरचं करू नका. तिथे टाइलवर टाइल अजिबात नको, कारण जमीन वर येते आणि पाणी पॅसेजकडे धावतं. खालपर्यंत खोदा, जुना विटांचा भराव काढा, नवं वॉटरप्रूफिंग करा आणि नहाणी ट्रॅपचं (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा. त्या दोन दिवसांत खालच्यांना चहाला बोलवायचं आणि त्यांच्या छतावर नजर ठेवायला सांगायचं. आमच्या वरच्यांनी पाणी साठवायच्या आधीच टाइल लावून घेतली, आणि पुढची दोन वर्षं आमच्या लोखंडी कपाटावर बादली होती. संडासाची गळती हा ज्याचा त्याचा खर्च असतो, सोसायटी त्यात पडत नाही, त्यामुळे भांडण थेट दोन घरांत लागतं.

संडास-न्हाणी एक करू नका असं माझं स्पष्ट मत. तीन माणसं, त्यात बाबा रात्री उठणारे. सकाळी आईंची आंघोळ अर्धा तास चालणार, तेव्हा बाबांनी कुठे जायचं? शेजारी? मधली भिंत राहू दे, दारं अडीच फुटी करा. आणि संडासाचं दार बाहेर उघडणारं हवं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

वैतागवाडी

ओळंबादादा, पोती मोजली आणि पहिल्या कंत्राटदाराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "ते बघून घेऊ." कट.

ऑडिट झालंय, दुरुस्त्या सुचवल्यात. पुनर्विकासासाठी दोन बिल्डर येऊन गेलेत, सभेत भांडणंही झालीत, म्हणजे प्रकरण गंभीर दिसतंय. त्यामुळे मोझाइक आहे तेच पॉलिश करून घ्यायचं ठरतंय. बाबा दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसतायत. आई रुसली होती, तिला न्हाणीच्या भिंतींना तिची पांढरी टाइल देऊन मिटवलं. न्हाणीच्या जमिनीला मॅट राखाडी, खरखरीत.

हॉलची भिंत तशीच, वर खिडकी. नवऱ्याला बांगड्याचा किस्सा वाचून दाखवला, तो गप्प झाला. सायकल जातेय (मीच विकली, रडले नाही). बाल्कनीतला रद्दीचा गठ्ठा गेला की तिथे सहा फुटी दिवाण बसतो, रात्री मावशींना. पण मग वॉशिंग मशीन कुठे? आणि ओटा फूटभर सरकवून फ्रिज आत घ्यायचाय, तर ओट्याचे कडाप्प्याचे पाय काढल्यावर खाली लादीच नाहीये, नुसता कोबा. दोन दारं रुंद करतानाही काही लाद्या फुटणार. १९८७ चं हिरव्या ठिपक्यांचं मोझाइक आणायचं कुठून?

ओळंबा

बाहेरून आणू नका, तसा ठिपका मिळाला तरी रंग जुळत नाही. बेडरूममधल्या लोखंडी कपाटाखालच्या आणि पलंगाच्या डोक्याकडच्या लाद्या काढा. त्या उन्हापाण्याशिवाय राहिल्यात, काढताना कडेने हळू, छिन्नी आडवी धरून. एखाद-दुसरी फुटेल, म्हणून लागतील त्याच्या दीडपट काढा. त्या पॅसेजमध्ये आणि ओट्याशी बसवा, आणि कपाटाखाली साधी कोणतीही २२ मिलिमीटर जाडीची लादी टाका, तिथे कोण बघतंय. पॉलिशच्या आधी बसवा म्हणजे मशीनखाली सगळ्या एका लेव्हलला येतात.

पॉलिश रंगकामाच्या आधी. मशीनचा राखाडी राडा भिंतीवर फूटभर उडतो, नंतर केलंत तर रंगारी पुन्हा बोलवावा लागेल. आणि पॅसेजमध्ये शेवटचा चमकवणारा हात मारू देऊ नका, तिथेच ओले पाय पडतात.

वॉशिंग मशीन न्हाणीत जाईल. न्हाणी ४ बाय ६ असेल तर आंघोळीच्या विरुद्ध कोपऱ्यात, चार इंच उंच कट्ट्यावर, म्हणजे ढाळाचं पाणी खाली शिरत नाही. बाल्कनीतला पाइप पावसाच्या पाण्याचा असतो, त्यात साबणाचं पाणी सोडायला सोसायटी तसंही हरकत घेईल. कमोडचं माप घेताना भिंतीला टाइल लागल्यानंतरच्या पृष्ठभागापासून घ्या, विटेपासून नको. बैठक १७ ते १९ इंच उंचीची मागा. धरायच्या दांड्यांची जागा टाइल लावायच्या आधी आईंना तिथे बसवून भिंतीवर खडूने आखून घ्या.

वैतागवाडी

आईला खुर्चीवर बसवून खडू हातात दिलाय. तिने एक रेघ मारली आणि दुसरी मारताना म्हणाली, इथे साबणदाणीही हवी. कामाला पुढच्या सोमवारी सुरुवात, परवानगीचं पत्र आज मिळालं.